खेळणं एकदा तोंडात गेलं की सोडतच नाही!

प्रश्न: ताई, आमच्याकडे ४ महिन्यांचा लॅब्राडोर आहे, नाव चिकू. बाकी सगळं छान आहे पण खेळताना दोरी किंवा बॉल एकदा तोंडात घेतला की सोडतच नाही. ओढलं की गुरगुरतो आणि शेपूटही हलवत असतो, त्यामुळे राग आलाय की मजा चाललीये तेच कळत नाही. मिस्टर जबडा दाबून तोंड उघडतात. खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात नाकावर चापट मारा आणि ओढाओढीचे खेळ बंदच करा, नाहीतर डोक्यावर बसेल. माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. त्याचे मोजे पळवून चिकू सोफ्याखाली जाऊन बसतो. काल मुलाने खाली हात घातला तर वेगळ्याच आवाजात गुरगुरला आणि दातही लागला, थोडं रक्त आलं. चिकू पुढे जाऊन आक्रमक होईल का? त्याला सोडायला कसं शिकवू? आणि सासूबाई विचारतायत की माझ्या चपला तरी वाचतील का. (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, खेळण्यांचं सविस्तर सांगतेच, पण आधी मुलाच्या हाताचं बोलू कारण ते थांबण्यासारखं नाही. दात लागून रक्त आलंय म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं, अजून दाखवलं नसेल तर हे वाचून झाल्या झाल्या निघा. "घरचंच पिल्लू आहे, काही होत नाही" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. पिल्लांना रेबीजची पहिली लस साधारण ३ महिन्यांची झाली की देतात, म्हणजे चिकूला ती मिळाली असली तरी अगदी अलीकडे मिळाली असेल, आणि राहून गेली असेल तर व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनाही, आजच फोन करा. मुलाला इंजेक्शनं लागतील का आणि किती, हे डॉक्टर ठरवतील, चिकूचं लसीचं कार्ड सोबत न्या. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पुढे कधीही असं झालं तर सगळ्यात आधी नळाखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची, अंदाजे नाही, घड्याळ बघून. हळद, चुना, तिखट असलं काहीही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की त्यावर औषध नाही, म्हणून इतकं जोर देऊन सांगतेय.

आता चिकू. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गुरगुरी आहेत आणि तुम्ही त्या स्वतःच ओळखल्यात, "वेगळ्याच आवाजात" असं लिहिलंत ना, अगदी बरोबर ऐकलंत. दोरी ओढतानाची गुरगुर खेळातली आहे. तेव्हा अंग सैल असतं, शेपूट अख्ख्या कमरेसकट डुलत असते, मध्येच पुढचे पाय जमिनीला टेकून ढुंगण वर करतो, मध्येच शिंकतो, पुन्हा येऊन दोरी तुमच्याच हातात कोंबतो. हे सगळं मजेतलं. फक्त नुसत्या शेपटीवर विसंबू नका, कारण ताठ, उंच उभी आणि थरथर हलणारी शेपूट म्हणजे मजा नसते, बाकीचं अंग काय सांगतंय ते पण बघायचं. सोफ्याखाली जे झालं त्यात अंग एकदम थिजतं, मान मोज्यावर झुकते, डोकं न वळवता नुसते डोळे फिरवतो त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, ओठ ताणले जातात आणि आवाज खोलातून येतो. तिथे तो "हे घेऊ नका" असं सांगत होता, आणि मुलाला ती भाषा माहीत नव्हती. ४ महिन्यांच्या पिल्लाने एकदा असं केलं म्हणून तो आक्रमक कुत्रा होणार असं अजिबात नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

चिकूच्या बाजूनं एकदा हिशोब मांडून बघा. बॉल सोडला की काय होतं? बॉल जातो. कधी कपाटात जातो, कधी खेळच संपतो कारण कुकरच्या तीन शिट्ट्या झालेल्या असतात. दोरी सोडली की दोरी गायब. मोजा घेतला की मात्र सगळं घर मागे धावतं, एरवी मोबाईलमधून मान वर न काढणारा माणूससुद्धा उठतो, पळापळी होते, आरडाओरडा होतो, चिकूच्या दृष्टीने दिवसातला सगळ्यात भारी खेळ. मग शेवटी कोणीतरी पकडतं, जबड्यात बोटं घालतं, दुखतं, आणि वस्तू जाते ती जातेच. म्हणजे या पोराला आत्तापर्यंत शिकायला काय मिळालंय तर सोडलं की गेलं, धरून ठेवलं तरच मजा, आणि माणसाचा हात तोंडाजवळ आला की आपलं काहीतरी जाणार. असं शिकलेलं पिल्लू घट्ट धरणारच ना.

हे सगळं उलटं करायचं आहे. सोडलं की परत मिळतं, आणि वर आणखी काहीतरी मिळतं, याचा अनुभव त्याला इतक्या वेळा द्यायचा की "सोड" ऐकलं की त्याला आनंदच व्हावा. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत, तसंच चिकूने काही दिलं की त्याला रिकाम्या तोंडी पाठवायचं नाही. पुढे मी जे जे सांगणार आहे ते सगळं याच्यावर उभं आहे, आणि कुठे अडलात तर परत इथेच यायचं की शेवटच्या दहा वेळांपैकी किती वेळा सोडल्यावर याला परत मिळालं?

त्यात तो लॅब आहे हेही ध्यानात घ्या. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये कोळ्यांची जी पाण्यातली कुत्री होती, जाळ्याचे दोर आणि निसटलेले मासे तोंडात धरून आणून द्यायची, त्यांच्यापासून ही जात आली, पुढे १९व्या शतकात ब्रिटनमध्ये शिकारीतले पक्षी उचलून आणण्यासाठी तिची जोपासना झाली आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. म्हणजे तोंडात काहीतरी धरून फिरणं हे त्याच्या रक्तातच आहे, ते बंद होणार नाही आणि बंद करायचा प्रयत्नही करू नका. चांगली गोष्ट अशी की आणून देणंही त्याच रक्तात आहे, तुम्ही फक्त देण्यातला तोटा काढून टाकायचा.

मिस्टरांना एवढं सांगा की जबडा उघडणं आजपासून बंद. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पिल्लू काही गिळेल म्हणून काढत असतील, पण परिणाम नेमका उलटा होतो. ज्या पिल्लाच्या तोंडातून वस्तू ओरबाडल्या जातात ते तीन गोष्टी शिकतं, आणखी घट्ट धरायचं, माणूस दिसला की पळायचं, आणि पळता आलं नाही तर गिळून टाकायचं. ही तिसरी फार धोक्याची आहे. मोजा गिळला आणि तो आतड्यात अडकला तर पोट उघडून ऑपरेशन करावं लागू शकतं, आणि वेळेत कळलं नाही तर कुत्रा दगावतो. नाकावर चापट तर मुळीच नको. चापटेने खेळणं सुटेलही एखाद वेळेस, पण जाता जाता हाताची भीती बसते, आणि नंतर व्हेटला त्याचे दात किंवा कान तपासायचे असतील, तुम्हाला तोंडात औषध घालायचं असेल, तेव्हा ती भीती समोर येते.

बरं, अजून एक. ४ महिने म्हणजे दात पडायचं वय. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, ते साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, दुखतात, म्हणून दिसेल ते चावावंसं वाटतं, दोरीवर कधी रक्ताचा ठिपका दिसेल, कधी फरशीवर तांदळाएवढा दात सापडेल, त्याने घाबरू नका. पण जोरात ओढाओढी सध्या नको, दुखणाऱ्या दातांना हिसका बसला की तेही त्याच्या लक्षात राहतं. फ्रिजमधलं गार जाडसर गाजर चावायला द्या, मात्र समोर बसून, शेवटचा तुकडा घशात अडकणार नाही इतकं लक्ष ठेवून.

आणि खालच्या काकांचं म्हणणं, की ओढाओढी खेळलं तर कुत्रा डोक्यावर बसतो. हे मी अनेक ठिकाणी ऐकलंय, त्यामुळे काकांना दोष नाही, पण हे तपासून झालेलं आहे. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हर घेऊन अभ्यास केला, त्यांच्याशी ओढाओढीचे खेळ खेळले, काही वेळा कुत्र्यांना जिंकू दिलं, काही वेळा नाही, आणि जिंकल्यामुळे कुत्री माणसावर दादागिरी करायला लागली असं काही दिसलं नाही. २००२ मध्ये तो छापून आला. तेव्हा दोरी खेळा, दात येईपर्यंत फक्त जोर न लावता, पण बिनधास्त खेळा, चिकूला जिंकूही द्या. उलट सोडायला शिकवण्यासाठी दोरीसारखं दुसरं साधन नाही, कसं ते पुढे येतंच.

सुरुवात मात्र दोरीने करायची नाही आणि बॉलनेही नाही. पहिले काही दिवस खेळण्याशिवायच नुसता शब्द शिकवायचा. ब्रिटनमधले ट्रेनर चिराग पटेल यांनी ही पद्धत खूप लोकांपर्यंत पोचवलीये आणि मला ती सगळ्यात आवडते, कारण हिच्यात भांडण व्हायला जागाच नाही. घरातल्या सगळ्यांनी आधी एक शब्द ठरवा. "सोड" घ्या. पण मग सगळ्यांनी "सोड"च म्हणायचं, मुलाने "ड्रॉप" आणि सासूबाईंनी "दे रे बाळा" म्हटलं तर त्याला काय कळणार बिचाऱ्याला. शिवाय "सोड" हा शब्द घरात ओरडून, चिडून वापरून झालेला असेल तर तो टाकून द्या आणि नवीन कुठलाही छोटा शब्द घ्या, त्याच्या डोक्यात त्या जुन्या शब्दाला पळापळ चिकटलेली असते.

खाऊ काय, तर चिकन खात असाल तर बिनमिठाचं उकडलेलं चिकन, नाहीतर पनीर, उकडलेलं अंडं, उकडलेलं रताळं, डाळिंबाच्या दाण्याएवढे तुकडे करा, मोठे नकोत. पनीर किंवा दुधाच्या पदार्थांनी काही पिल्लांचं पोट बिघडतं, तेव्हा आधी थोडंसंच देऊन बघा. दिवसभराचा हा खाऊ त्याच्या जेवणातून कमी करा, लॅब फार पटकन अंगाने सुटतात. बिस्किटं नकोत. आणि चॉकलेट, मनुका-बेदाणे-द्राक्षं, कांदा, लसूण, आणि झायलिटॉल घातलेली शुगरफ्री च्युइंगगम हे कधीच नाही, सांगलीत बेदाणा घराघरात असतो म्हणून मुद्दाम सांगतेय.

चिकू जवळपास आहे, तोंडात काही नाही, निवांत आहे. तुम्ही एकदाच, साध्या आवाजात "सोड" म्हणायचं, एक क्षण थांबायचं, आणि मग तीन-चार तुकडे त्याच्यासमोर जमिनीवर टाकायचे. तो खात असताना बोटाने एकेक तुकडा दाखवत राहायचं, हा घे, हा इथे आहे, म्हणजे त्याला तुमचा हात जमिनीजवळ, तोंडाजवळ फिरणं आवडायला लागेल, हात आला म्हणजे काहीतरी देणारच. बस इतकंच. दिवसातून तीन-चारदा, दोन-दोन मिनिटं, घराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यात, गॅलरीत, जिन्यात. यात लोकांचं एक हमखास चुकतं ते म्हणजे शब्द आणि हात एकत्र हलतात, किंवा हात आधी आणि शब्द नंतर. मग कुत्रा हात बघायला शिकतो आणि शब्द त्याच्या कानावरून जातो. आधी शब्द, मग क्षणभर काहीच नाही, मग हात. शब्द ऐकल्याबरोबर तो मान खाली घालून जमिनीवर शोधायला लागला की समजायचं की शब्द बसला.

मग त्याला फारसं न आवडणारं काहीतरी तोंडात असताना तेच करा, एखादी रिकामी प्लास्टिकची बाटली, झाकण काढलेली. "सोड", थांबा, खाऊ जमिनीवर. खायचं म्हणजे तोंड उघडावंच लागतं. बाटली पडेल, तुम्ही तिला हातसुद्धा लावायचा नाही. त्याला खाऊ दे, आणि बाटली परत घेऊ दे. इथे सगळ्यांचा हात शिवशिवतो, पडली ना वस्तू, उचला पटकन, पण उचललीत तर तो पुढच्या वेळी एक डोळा खाऊवर आणि एक डोळा तुमच्या हातावर ठेवेल. काही दिवसांनी, तो एका हाताने दाखवलेले तुकडे खात असताना दुसऱ्या हाताने बाटली उचला आणि खाऊन झालं की लगेच परत द्या. मग हळूहळू आवडीच्या वस्तूंकडे, बॉल, दोरी, शेवटी मोजा. एका दिवसात बाटलीवरून मोज्यावर उडी मारू नका.

आता दोरी. दोरी चांगली हातभर लांब घ्या म्हणजे त्याचे दात आणि तुमची बोटं यांच्यात अंतर राहील. जमिनीलगत खेळायचं, हालचाल डावी-उजवीकडे, वर उचलायचं नाही, त्याला दोरीला लोंबकळवायचं तर अजिबात नाही, मान आणि सांधे अजून वाढतायत. थोडं ओढलं, थोडं सैल सोडलं, मग अचानक तुम्ही पुतळा व्हा. दोरी दोन्ही हातांनी गुडघ्याला किंवा मांडीला टेकवून घट्ट धरा, आता ती हलणारच नाही. दोरीतला जीवच गेला असं त्याला वाटलं पाहिजे. एकदा "सोड" म्हणा आणि गप्प बसा. तो ओढेल, गुरगुरेल, तुमच्याकडे बघेल, पकड बदलेल. तुम्ही ओढायचं नाही, बोलायचं नाही, रागाने बघायचंही नाही. न हलणाऱ्या दोरीत मजा नसते, तो सोडतोच. आणि सोडल्याच्या त्याच क्षणी, एक सेकंदसुद्धा न घालवता, "शाब्बास, घे!" आणि दोरी पुन्हा नाचायला लागली पाहिजे, आधीपेक्षा जास्त. हा क्षण म्हणजे सगळ्या शिकवणीचा गाभा आहे ताई. त्याला कळतं की अरे, मी सोडलं म्हणून खेळ चालू झाला. पुढे मग सोडणं आणि घे म्हणणं यात एक सेकंद ठेवा, मग दोन, मग "बस" सांगून बसल्यावर "घे". अगदीच सोडत नसेल तर इथेही जमिनीवर खाऊ टाका, पण बऱ्याच लॅबना ओढाओढीपुढे खाऊही फिका वाटतो, त्यांना खेळ परत मिळणं हेच बक्षीस पुरतं.

दात हाताला लागला, चुकून का होईना, तर दोरी खाली ठेवा, उभ्या राहा, पाच-दहा सेकंद काहीच नाही, मग पुन्हा सुरू. ओरडणं नको.

बॉलसाठी सोपी युक्ती म्हणजे अगदी एकसारखे दोन बॉल. एक फेकला, तो घेऊन आला की त्याच्या हातातला, म्हणजे तोंडातला, मागायचाच नाही, आपल्या हातातला दुसरा उडवायला, टप्पे मारायला लागायचं. पहिला पडला की दुसरा फेका. आणि तो बॉल घेऊन पळाला तर मागे जाऊ नका, उलट्या दिशेला पळा, टाळ्या वाजवा, तो तुमच्या मागे येईल. बॉल मात्र त्याच्या घशात अडकणार नाही एवढा मोठा हवा, लॅब वाढतो तसा बॉलही बदलावा लागतो हे बरेच जण विसरतात.

काही बारीक गोष्टी, ज्यांच्यामुळे सगळं फिसकटतं. "सोड सोड सोड सोडतोस का नाही" हे नको, एकदाच, नाहीतर त्याला वाटेल की शब्द सहाव्यांदा आल्यावर ऐकायचा असतो. खाऊ आधी दाखवून मग "सोड" म्हणणं नको, ते लाच देणं झालं, मग हातात खाऊ दिसल्याशिवाय तो सोडणार नाही, खाऊ डबीत किंवा खिशात ठेवा आणि घरात तीन-चार ठिकाणी डब्या ठेवून द्या म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको. खेळ संपवताना "सोड" म्हणून दोरी कपाटात असं रोज झालं तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून मधे मधे खूप वेळा सोडायला लावून परत द्या आणि अगदी शेवटी खाऊचे चार दाणे फरशीवर पसरून त्याला वास घेत शोधू द्या, तेवढ्यात दोरी उचला. आणि संध्याकाळी सात-आठ वाजता पिल्लं जी वेड्यासारखी घरभर धावतात आणि चावत सुटतात तेव्हा शिकवायला बसूच नका. या वयात पिल्लाला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते, घरात माणसं, टीव्ही, ये-जा असली की ती पूर्ण होत नाही आणि दमलेलं पिल्लू काहीच सोडत नाही. त्या वेळेला त्याला शांत खोलीत झोपवा.

आता सोफा आणि मोजा. आजपासून सोफ्याखाली कोणीही हात घालायचा नाही, काठी नाही, झाडू नाही. गुरगुरला म्हणून ओरडायचंही नाही. गुरगुर म्हणजे त्याने दिलेली सूचना आहे, ती ओरडून बंद केलीत तर पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावा येईल, आणि समोर ८ वर्षांचा मुलगा असेल. मोजा घेऊन तो खाली गेलाच तर तुम्ही लांब उभ्या राहून "सोड" म्हणा आणि खाऊ सोफ्यापासून दूर, एकामागे एक, दरवाज्याच्या दिशेने टाका. तो बाहेर येऊन खात खात दुसऱ्या खोलीत गेला की दार लावा आणि मग शांतपणे मोजा उचला. त्याच्या डोळ्यादेखत झडप घालून नाही. पण खरं काम याच्या आधीचं आहे, मोजे झाकणाच्या बास्केटमध्ये गेले पाहिजेत, मुलाच्या खोलीचं दार बंद पाहिजे, आणि सोफ्याखालची जागा पुठ्ठा किंवा लाकडाची फळी लावून बुजवून टाका. सासूबाईंच्या चपलांचंही तेच, दाराचं चपलांचं कपाट करा, आणि जुनी चप्पल चावायला म्हणून देऊ नका, त्याला जुनी आणि नवी यातला फरक कळत नाही. चप्पल तोंडात दिसली तर पळू नका, ओरडू नका, "सोड", खाऊ, आणि बदल्यात त्याचं स्वतःचं चघळायचं खेळणं. कधी कधी त्याने चप्पल उचलून तुमच्याकडे आणली तर कौतुक करा, खरंच करा, तो तुम्हाला आणून देतोय, लपवायला सोफ्याखाली जात नाहीये.

काही वस्तू मात्र अशा की तिथे शिकवण बाजूला, जीव वाचवायचा. गोळ्यांची स्ट्रिप, घड्याळाचा बटन सेल, शिजवलेली हाडं, उंदराचं औषध, मच्छरची मॅट, मक्याचं कणीस, आणि आंब्याची कोय, उन्हाळ्यात कोय आतड्यात अडकून कुत्री व्हेटकडे येतात. असं काही तोंडात दिसलं तरी धावून जाऊ नका, धावलात की गिळेल. घरातला सगळ्यात भारी खाऊ मूठभर जमिनीवर उधळा, फिरायला जायचा पट्टा वाजवा, दाराची बेल वाजवा, ज्याने म्हणून तो तोंडातलं विसरेल ते करा. गिळलंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न घरी करू नका, ते घातक ठरू शकतं, सरळ व्हेटला फोन करा आणि काय गिळलं, किती वाजता, चिकूचं वजन किती ते सांगा. आणि तुम्हाला कळलंच नाही पण तो वारंवार उलट्या करतोय, खात नाहीये, शी होत नाहीये, पोटाला हात लावू देत नाहीये, तर सकाळची वाट बघू नका.

मुलाबद्दल. त्याला घाबरवू नका आणि चिकूपासून तोडूही नका, पण काही दिवस दोघं एकत्र असताना एक मोठं माणूस खोलीत हवंच, शेजारच्या खोलीत नाही, त्याच खोलीत. मुलाला तीन गोष्टी सांगा की चिकूच्या तोंडातलं काही ओढायचं नाही, तो काही घेऊन पळाला तर मागे पळायचं नाही, आणि तो अंगावर आला, चावायला लागला तर झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी. आणि शिकवण्यात त्याला सामील करा, पहिली खाऊ टाकायची पायरी ८ वर्षांचा मुलगा तुमच्यासमोर अगदी नीट करू शकतो आणि मुलांना ती फार आवडते. दोरीची ओढाओढी मात्र आत्ता त्याच्याकडे नको, पक्के दात येऊन चिकू तुमच्याशी खेळताना नीट सोडायला लागला की मग.

वेळ लागेल, घाई करू नका. रोज थोडं थोडं केलंत तर बाटली, बॉल इथपर्यंत काही आठवड्यात फरक दिसायला लागतो, मोज्याला जास्त वेळ लागेल. खाऊ पुढे कमी करता येतो पण एकदम बंद करू नका, कधी खाऊ, कधी नुसता खेळ, कधी खूप सारा खाऊ असं चालू ठेवा. सहा-आठ महिन्यांच्या सुमारास सगळं विसरल्यासारखा वागेल, वयात येतानाचा तो काळ असतो, तेव्हा चिडून जबड्यावर जाऊ नका, दोन पायऱ्या मागे या आणि परत बाटलीपासून सुरू करा.

आणि एवढं करूनही सोफ्याखालची ती खोल गुरगुर कमी होत नसेल, किंवा ती जेवणाच्या भांड्यापाशी, बसायच्या जागेपाशीही दिसायला लागली, किंवा पुन्हा कोणाला दात लागला तर आधी व्हेटकडून दात, कान, पोट तपासून घ्या, कारण दुखत असलं की कुत्री जास्त राखतात. मग चांगला ट्रेनर शोधा. फी विचारायच्या आधी एकच विचारा, कुत्र्याचं चुकलं तर तुम्ही काय करता? उत्तरात गळ्याला आवळणारी साखळी, शॉकचा पट्टा, पाठीवर उताणं पाडून दाबून धरणं यातलं काहीही आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा. आणि क्लास लावायच्या आधी एक दिवस नुसतं बघायला जा, जो बघू देत नाही त्याच्याकडे चिकूला पाठवू नका.